सतरा तास जायला, तेरा यायला

अदिस अबाबा, ५ तिकिम्त

एन्दाले, भावड्या,

आधी बातमी वाच आणि मग काय बोंब मारायची ती मार. आईला व्हिसा मिळाला! तू वर्षभर कागद पाठवत होतास, वोर्कु मामांनी तिकडून सह्या केल्या, पण शेवटी किल्ला जिंकला तो आपल्या म्हातारीनं. मी नुसती पिशवी धरून उभी होते.

खिडकीपलीकडचा साहेब विचारतो, "आजी, वॉशिंग्टनला काय बघायचंय?" त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगायला एक मुलगी बसवलेली. आई म्हणते, "पोराचं पोट. खपाटीला गेलंय की सुटलंय, तेवढं बघायचंय." साहेब म्हणतो, "परत येणार ना?" आई म्हणते, "नाही आले तर माझ्या कोंबड्यांना दाणे कोण टाकणार? तुम्ही येताय का?" ती मुलगी हे सांगू की नको अशा विचारात, आणि आई तिला दटावते, "सांग गं, जसंच्या तसं सांग." साहेब हसला आणि शिक्का मारून मोकळा झाला. बाहेर शिकलेसवरलेले लोक फायली छातीशी धरून रडत होते. आता बोला!

परत येताना बेकेलेच्या दुकानात थांबलो. तिथं भिंतीवर जगाचा नकाशा आहे. आईनं अंगावरच्या पांढऱ्या नेतेलाचं एक सूत ओढलं आणि आपल्या शहरापासून तुझ्या शहरापर्यंत लावून बघितलं. वीतभर झालं. मग तेच सूत तिच्या माहेराकडे लावलं, तर नखाएवढं. "हा नकाशा खोटा आहे," म्हणाली. "माझ्या माहेरी जायला दोन दिवस बस आणि एक दिवस खेचर. आणि एन्दालेकडे जायला?" बेकेले म्हणाला, "सतरा तास, येशारेगबाई. विमान मध्ये एकदा तेल भरायला उतरतं ते धरून." "म्हणजे माहेरापेक्षा जवळच की! मग हा मेला नऊ वर्षं येत का नाही? खेचर मेलं का त्याचं?"

आणि येताना म्हणे तेराच तास लागतात. वारा मागून ढकलतो. हे कळल्यापासून आई गल्लीभर सांगत सुटलीय, "बघा, वाऱ्यालासुद्धा कळतं माणसानं कुठं जायचं ते."

आता एक सांगते, तिकीट लगेच काढू नकोस. तिचे गुडघे धरलेत. डॉक्टर म्हणाले, थंडी सरू द्या. गुडघेच आहेत, उगीच डोक्यात काही घेऊ नकोस. जेवते, भांडते, सगळं नेहमीचं. त्यापेक्षा तूच का येत नाहीस? आता तर तुझ्याकडे कागद आहेत. रोज दुसऱ्यांच्या आयांना विमानतळावरून घरी पोचवतोस, तुझी टॅक्सी चार आठवडे उभी राहिली तर वॉशिंग्टन बंद पडणार नाही.

तुझी ताई,
असनाकेच

अदिस अबाबा, २० हिदार

वोर्कु मामा,

रविवारी पहाटे मंडळी तुमच्या घरी येऊन गेली हे फोनवर कळलं. पाद्रीबाबा पुढे होते, तुमच्याभोवती माणसं बसली, तुम्ही पोटभर रडलात. बरं झालं. बहिणीची बातमी भावाला रीतीप्रमाणे, माणसांत कळावी तशी कळली. म्हणून आता तुम्हाला लिहू शकते. त्याआधी कागदावर एक अक्षर लिहिलं असतं तर आईनं तशीच उठून मला चपलेनं मारलं असतं.

मामा, गुडघे नव्हते. पोटात गाठ होती. व्हिसा मिळाला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं. मी एन्दालेला बोलावते म्हटलं, तर तिनं मरियमच्या तसबिरीवर माझा हात ठेवून शपथ घातली. "तो गाडी चालवतो. असलं काही डोक्यात घेऊन चालवेल आणि कुणाच्या तरी अंगावर घालेल. त्याला म्हणावं, गुडघे." मी गुडघे लिहिले.

सोमवारी सकाळी गेली. तिसऱ्या प्रहरापर्यंत मातीत होती. मला सगळे समजावतात, अगं, त्याला त्याच क्षणी कळवलं असतं तरी काय झालं असतं? तेरा तास लागतात. आपण मूठमाती देत होतो तेव्हा तो समुद्रावरच असता. खरंय. पण त्या तेरा तासांनी माझ्या जिवाला काही आराम पडत नाही.

आता तुमच्याकडे एकच मागणं. त्याला नीट सांगा. आपल्या गल्लीतल्या तेशोमेला नॉर्वेत कुण्या शहाण्यानं फोनवर सांगितलं होतं, आठवतंय? रस्त्यात तसाच बर्फात बसून राहिला. पायाची बोटं गेली, पण त्याहून वाईट म्हणजे तो आजपर्यंत रडलेला नाही. नुसता बघतो. माझ्या भावाचं तसं होऊ देऊ नका. रविवार बघा, माणसं गोळा करा, पहाटे जा. तो एकटा असताना त्याला कळता कामा नये. त्याला धरायला दोन दणकट पुरुष न्या, आणि रडायला सुरुवात करून देणारी एखादी बाई न्या, कारण आपल्या घरातल्यांना सुरुवात करता येत नाही.

तोवर मी त्याला लिहीत राहते, आई बरी आहे म्हणून.

असनाकेच

अदिस अबाबा, २ ताहसास

एन्दाले, राजा,

तुझा फोन आला आणि आई पुन्हा चर्चमध्ये! मला मेलीला शिव्या घालू नकोस, उपासांचे दिवस आहेत, तुला माहीत आहे ती कशी आहे. पहाटे जाते ती तिकडचीच होते. बेकेले म्हणतो, तुमच्या आईला आता चर्चमध्येच खाट टाकून द्या.

शाल केव्हाच पोचली, कळवायचं राहिलं. मऊ आहे. अंगावर घेऊन बसते. रंग भडक आहे म्हणे, "या वयात मला नवरी करतोय का?" पण काढत नाही अंगावरून. फोटो मागतोस तर बेकेलेचा कॅमेरा बिघडलाय. दुरुस्त झाला की काढू. घाई कसली आहे?

ती शेजारी बसून सांगतेय आणि मी लिहितेय, नेहमीसारखं. म्हणते, रात्रीची टॅक्सी बंद कर. म्हणते, उपास मोडलास तरी चालेल, तिकडे थंडी आहे, मटण खा, देव समजून घेईल. म्हणते, तुझं लग्न ठरलं असेल तर लपवू नकोस, परकी असली तरी चालेल, पण कॉफी करता आली पाहिजे.

आणि म्हणते, वोर्कु मामाकडे जात जा. मामा घरी आला तर दार उघड, बस म्हण, दोन घास घाल. मामा म्हणजे आईच की रे.

अक्षर वाकडं आलंय, कांदे चिरता चिरता लिहितेय.

ताई

अदिस अबाबा, २० ताहसास

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अकरा माणसं त्या थंडीत जिन्यात उभी! मला लाज वाटली आणि रागही आला.

गाडी खाली उभी होती. खिडकीत दिवा होता. तुम्ही दार वाजवलंत आणि दिवा गेला. पाद्रीबाबांनी हाक मारली, "एन्दाले, बाळा, उघड." दारापाशी पावलं आली आणि तिथंच थांबली. आणि त्यानं उघडलं नाही. पुढच्या रविवारीही तेच. तुम्ही लिहिता, बहुतेक झोपेत असेल. मामा, कशाला स्वतःची समजूत घालताय? दाराच्या भोकातून त्यानं बघितलं असणार. पहाटेची वेळ, सगळी आपली माणसं, सगळी पांढऱ्यात, पुढं पाद्री. आपल्यातल्या दुधपित्या पोरालाही कळेल की ही मंडळी कशाला आलीत. दार उघडलं नाही तर सांगता येत नाही, आणि सांगितलं नाही तर ती मेलेली नाही. असा हिशेब आहे त्याचा. गाढव! लहानपणी वडिलांच्या वेळीही असाच पलंगाखाली जाऊन बसला होता.

तुम्हाला अजून एक सांगते म्हणजे खात्री पटेल. नऊ वर्षं त्याच्या फोनवरचा पहिला शब्द काय असायचा? "आईला दे." मी हॅलो म्हटलं तरी, "हो हो, आईला दे." तुम्ही जाऊन आल्यापासून दोनदा फोन आला. एकदाही आईला दे म्हणाला नाही. कोंबड्या कशा आहेत विचारलं. बेकेलेचा कॅमेरा दुरुस्त झाला का, तेही विचारलं नाही. मी आपली मूर्खासारखी तयारी करून बसले होते, आई चर्चमध्ये आहे म्हणून सांगायला. सांगायची वेळच आली नाही.

तुम्ही म्हणता, आता फोनवर सांगून मोकळी हो. नाही मामा. मी सांगेन, तो फोन ठेवेल, आणि मग त्या खोलीत कोण आहे त्याचं? भिंती? तुम्ही पुन्हा जा. चर्चमध्ये गाठा. पळाला तर पळू द्या, पुन्हा गाठा.

असनाकेच

अदिस अबाबा, १५ तिर

एन्दाले,

मामांना चर्चच्या आवारात बघून तू मागच्या दारानं निघून गेलास म्हणे. म्हाताऱ्या माणसाला बर्फात पळवतोस, शोभतं का तुला?

तिम्कतचा सण झाला. मी तलावावर गेले नाही. का गेले नाही ते तू विचारणार नाहीस, आता तू काहीच विचारत नाहीस.

मग मीच बोलते. ये. आईसाठी नको येऊ. तिचं नाव मी या पत्रात पुन्हा काढणार नाही. माझ्यासाठी ये. मी बेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलं नाही, का केलं नाही ते तुला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी तुला आजवर एक शब्द बोलले नाही. आता बोलते. घरात कुणीतरी राहायला हवं होतं म्हणून मी राहिले. तू जावास म्हणून मी राहिले. दोन माणसांचा इंजेरा तव्यावर घालायची सवय अजून मोडत नाही. उरलेला कोंबड्यांना टाकते.

वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

तू नुसता विमानात बस. तेरा तास. झोप लागली तर तेवढेही नाहीत. खाली मी असेन, सगळी गल्ली असेल, तेशोमे लंगडत येईल. तुला एक पाऊलही एकट्याला टाकावं लागणार नाही. कुणी काही बोलणार नाही, आधी घरी नेऊ, गरम पाण्यानं तुझे पाय धुऊ, जेवू घालू. मग बघू. जगात अशी एकच जागा आहे जिथं तुला धरायला पुरेशी माणसं आहेत, आणि तू दार लावून बसलास परक्यांच्या गावात!

मला भीती वाटते रे. तुझ्याबद्दल वाटते आणि माझ्याबद्दल त्याहून जास्त. दोघांना एकदम गमावायची माझी ताकद नाही.

ताई

अदिस अबाबा, ८ येकातित

मामा,

बसून वाचा.

माझ्या पत्राला उत्तर म्हणून एन्दालेनं तिकीट पाठवलं. माझं नाही, आईचं. येशारेग वोल्दे, अदिस अबाबा ते वॉशिंग्टन. २२ तारखेला रात्री निघायचं. सोबत चिठ्ठी: "ताई, व्हिसा संपायच्या आत पाठव. गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय. कोट मी विमानतळावर घेऊन येतो, तिला जाड काही घालू नकोस. मध्ये तेल भरायला थांबेल तेव्हा उतरू नकोस म्हणावं."

मी बेकेलेच्या दुकानात जाऊन बसले. बेकेलेनं तिकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि गल्ल्यावर ठेवलं. मग मीच त्याला म्हटलं, लाव फोन. जे होईल ते होईल, मी रीत मोडते.

म्हटलं, "एन्दाले, ऐक."

तो म्हणाला, "ताई, खिडकीची जागा नाही मिळाली. तिला सांग, रागावू नको म्हणावं."

"एन्दाले, अरे, आई..."

"आई घाबरेल, माहितेय मला. सतरा तास म्हणजे काही फार नाही. मी रोज बघतो, तिच्याहून म्हाताऱ्या बायका चालत बाहेर येतात. ठेवतो मी, गिऱ्हाईक आहे."

कसलं गिऱ्हाईक, मामा! त्याच्या मागं घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तो घरी होता.

मी रात्रंदिवस विचार केला आणि मला एकच रस्ता दिसतो. ते विमान तिकडे पहाटे उतरतं. सांगायची आपली वेळही तीच. त्या दिवशी तुम्ही माणसं घेऊन विमानतळावर जा. दाराआड लपायला तिथं त्याचं घर नाही, आणि तो पळणारही नाही, कारण तो आईची वाट बघत असेल. सगळी माणसं बाहेर येऊन जातील. ती येणार नाही. तेव्हा पुढं व्हा. काही बोलूही नका, नुसता खांद्यावर हात ठेवा. त्याला कळेल.

माझ्या भावाला असं जाळ्यात धरायची वेळ आली. पण दुसरं काही सुचत असेल तर तुम्ही सांगा.

असनाकेच

अदिस अबाबा, २ मेगाबित

एन्दाले,

मामांनी सगळं सांगितलं. तू आला होतास. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात आईसाठी कोट, आणि चाकाची खुर्ची ढकलत. तू पार पुढं कठड्याला टेकून उभा होतास. प्रत्येक म्हातारीला टाचा उंचावून बघत होतास.

सगळे बाहेर आले. विमानातले कर्मचारीसुद्धा आपापल्या पेट्या ओढत गेले. मग मामा पुढं आले आणि त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मागच्या बायकांनी रडायला सुरुवात केली. आणि तू मागं वळून त्यांना विचारलंस, "काय झालं? तुमचं कुणी यायचं होतं का?"

मामा म्हणाले, "एन्दाले, ती येणार नाही." तू म्हणालास, "हो, विमान चुकलं असेल. ताईला वेळेचं भान नसतं. परवाच्या विमानानं येईल." आणि खुर्ची ढकलत निघून गेलास.

परवाही तू गेलास. त्याच्या पुढच्या विमानालाही गेलास. मामांना ओळखीचे टॅक्सीवाले सांगतात, तू आता गिऱ्हाईकच घेत नाहीस. इथलं विमान उतरायच्या आधी येतोस, कोट घेऊन उभा राहतोस, आणि सगळे गेले की गाडीत जाऊन बसतोस. मामांची माणसंही आता यायची थांबलीत. कामंधामं आहेत त्यांना, कुणी किती पहाटे यावं? मी इथं पाद्रीबाबांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, प्रार्थना कर. डोंबल!

म्हणून आपल्यात कुणी करत नाही ते मी करते. कागदावर लिहिते. आई गेली. हिदार महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी, तिच्या पलंगावर, माझा हात धरून. पोटात गाठ होती. तुला सांगायचं नाही अशी शपथ तिनं घातली होती. मी तिला आंघोळ घातली. तुझी शाल मी तिच्यासोबत दिली, रंगासकट. शेवटी तिनं पाणी मागितलं, तुझं नाव नाही घेतलं, उगीच खोटं कशाला सांगू? तिच्या बाजूची जागा मी माझ्यासाठी सांगून ठेवलीय. तुझ्यासाठी सांगितली नाही, कारण तू येशील असं आता मला वाटत नाही.

तू पत्रं उघडत नाहीस, हेही मामांनी सांगितलं. पाकिटं दारात साठलीत म्हणे. म्हणून हे टपालानं पाठवत नाही, हाती पाठवते. आज रात्रीच्या विमानानं एक बाई तुझ्या शहरात लेकीकडे चालल्यात. तू कठड्याला उभा असशील, कोट हातात असेल, ओळखायला सोपा. त्या तुला हे तिथंच देतील. मी त्यांच्याकडून वचन घेतलंय, तू वाचून होईपर्यंत त्या तुझा हात सोडणार नाहीत. अकरा माणसं नाहीत ती, एकच आहे आणि तीही परकी, पण हात गरम आहे, मी धरून बघितला.

एवढंच वाईट वाटतं की त्या आईच्याच वयाच्या आहेत. बुटक्या, पांढऱ्या नेतेलात, आणि गुडघे धरल्यामुळे त्यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणतील. लांबून बघितलं तेव्हा मलाही क्षणभर आईच वाटली. तू हे वाचशील तेव्हा तुझी फसगत होऊन गेलेली असेल. मला माफ कर, या आठवड्यात तिकडे जाणारं दुसरं कुणी मिळालं नाही.

ताई